संवादांचे पैसे वेगळे

सिनेमाच्या धंद्यात त्यांना सगळे डागडुजीकाका म्हणायचे, आणि काकांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. कुणाच्या पटकथेला भोक पडलं, एखादा सीन लंगडायला लागला, नट हटून बसला की हे वाक्य माझ्या तोंडात बसत नाही, की काकांना फोन जायचा. काका यायचे, खुर्चीसुद्धा न मागता सामानाच्या कुठल्यातरी पेटीवर टेकायचे आणि पाठकोऱ्या कागदावर चार ओळी खरडून द्यायचे. मेलेला सीन उठून बसायचा. मग वा वा व्हायची, चहा यायचा आणि काका आपले चालत घरी. पैशांचं काय, असं तुम्ही विचाराल. ते तेवढं कुणी विचारत नसे, आणि काका तर नाहीच नाही.

"चार ओळींचे काय पैसे घ्यायचे?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. अहो, पण चार-चार ओळी करत माणसाची हयात गेली की! अख्खे सिनेमे लिहिले तेव्हाही हातावर जे पडलं ते खिशात, नाही पडलं तर पुढच्या वेळी. बायको होती तेव्हा म्हणायची, "पात्रांच्या तोंडून आग ओकता, आणि स्वतःची वेळ आली की मूग गिळून बसता." काका त्यावर हसायचे. ती गेल्यावर असं बोलणारं कुणी उरलं नाही, आणि काकांनी ते वाक्य सिनेमात कधी वापरलं नाही, एवढं खरं.

घरात आता बाप आणि लेक. मुलगीही लेखिकाच झाली, खाण तशी माती. पण बापाच्या नावावर काम नको म्हणून ती आईच्या माहेरच्या आडनावाने लिहायची. दोन खोल्या, मधे भिंत. भिंतीच्या अलीकडे तिचं टेबल, पलीकडे त्यांचं. खुर्ची सरकल्याचा आवाज कुणाचा, हे भिंतीलासुद्धा कळत नसेल.

आणि या घरात एक नियम होता, तो काकांनीच केलेला. करारावर सही झाल्याशिवाय सिनेमाचं नाव घरात काढायचं नाही. गोष्ट कुणाला ऐकवली, कोण हो म्हणाला, कशावर आहे, अळीमिळी गुपचिळी. त्याला कारणही तसंच होतं. पूर्वी एकदा तोंडी होकाराच्या जोरावर बायकोने घरभर नवे पडदे शिवायला टाकले. सिनेमा बुडाला, पडदे मात्र वेळेवर आले. तेव्हापासून सही आधी, बोलणं मागून. मुलीने हा नियम बापापेक्षा कडक पाळला. काकांनाही दुसऱ्या बाजूने एक शिस्त होती: डागडुजीला आलेली पानं कुणाची, हे कधी विचारायचं नाही. कशाला त्या लेखकाला ओशाळवायचं?

तर एका सकाळी मुलीने लेखक संघटनेच्या सभेतून आणलेलं एक पत्रक स्वयंपाकघरात ठेवलं, आणि काकांनी त्यावर गरम पातेलं ठेवलं.

"बाबा, ते खाली ठेवायला नाही आणलं. वाचायला आणलंय."

"मी संघटनेचा जुना सभासद आहे. वर्गणी वेळेवर भरतो."

"भरता. वाचत मात्र नाही काही." तिने पातेलं उचललं, पत्रकावरचं पाणी पुसलं. "हे किमान दर आहेत. बसा."

काका बसले. लेक शिकवायला लागली की त्यांना आतून गुदगुल्या व्हायच्या.

"कथा हे एक काम," ती म्हणाली. "पटकथा दुसरं. संवाद तिसरं. तिन्हींचे दर वेगळे."

"आणि तिन्ही एकच माणूस करत असेल तर?"

"तरी कामं तीनच. एकाच माणसाने घर बांधलं आणि रंगवलं, म्हणून रंगाचे पैसे बुडाले का?"

"माझे बुडालेत," काका म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

ती नाही हसली. तिने पुढे सांगितलं की सिनेमाचं बजेट छोटं तर दरही छोटा, मोठं तर मोठा, म्हणजे गरीब निर्मात्याच्या मानेवर सुरी नाही. पैसे एकदम मिळत नाहीत. सहीला एक हप्ता, पहिला खर्डा दिला की दुसरा, शेवटचा खर्डा दिला की उरलेले. दुसऱ्याच्या लिखाणाची दुरुस्ती केली तर तिचाही दर आहे.

"थांब, थांब. दुरुस्तीचाही?"

"दुरुस्तीचाही."

काकांनी चष्मा लावून ती ओळ स्वतः वाचली. मग त्यांनी विचारलं, "किमान म्हणजे एवढेच मिळणार ना? मग चांगल्या लेखकाने काय करायचं?"

"वर कितीही मागा, कुणी हात धरत नाही. हे खालचं टोक आहे. याच्याखाली सभासदाने सही करायची नाही."

"आणि मला एखाद्याचं प्रेमाने फुकट करून द्यायचं असेल?"

"नाही करता येणार."

"हा जुलूम झाला. माझे हात, माझी मर्जी."

"बाबा, तुमची मर्जी तुमच्यापाशी थांबत नाही ना." ती एकदम हळू बोलायला लागली. "मी कुठे दर मागितला की समोरचा म्हणतो, अहो, तुमच्याहून मोठी माणसं नुसत्या चहावर करून देतात. मग मी काय बोलू?"

"कोण म्हणतो असं? नालायक दिसतोय."

मुलगी बापाकडे बघत राहिली. सही व्हायची होती, त्यामुळे नाव घेणं शक्य नव्हतं. तिने पत्रक घडी करून त्यांच्या खिशात कोंबलं आणि आपल्या खोलीत गेली.

आता मालकाबद्दल सांगायला हवं. मालक हा काकांचा जिवलग, नुसता जिवलग नाही, एकुलता एक. मालक हे नाव तरुणपणी चेष्टेत पडलं, कारण तेव्हा त्याच्या मालकीचा एक कोट होता आणि तो दोघांत मिळून वापरला जायचा. ज्याची मोठ्या माणसाशी भेट ठरलेली असेल त्याने कोट घालायचा, दुसऱ्याने खाली रस्त्यावर थांबायचं. पुढे मालक निर्माता झाला. दोनदा बुडाला, दोनदा वर आला, आणि प्रत्येक सिनेमात काकांचा हात होता. पैसे वेळेवर कधीच नाहीत. पण काका छातीठोकपणे सांगायचे, "उशीर करेल, बुडवणार नाही. बायको होती तोवर स्वतःहून घरी पाठवायचा. मला एकदा म्हणून तोंड उघडावं लागलं नाही."

तर मालकाने बोलावलं आणि काका गेले. लिफ्ट नेहमीसारखी बंद, म्हणून जिना चढून, धापा टाकत. मालकाने समोर पानांचा एक गठ्ठा ठेवला, वरचं नावाचं पान काढलेला.

"नवीन आहे कुणीतरी. पटकथा अशी लिहिली आहे की काय सांगू, वाचताना मला रडूच आलं. पण संवादांवर गाडं अडलंय. तू घाल ना. घरचंच काम आहे."

"घरचंच," काका म्हणाले आणि गठ्ठा काखेत मारून उठले. खिशात ते घडी केलेलं पत्रक होतं, पण ते काय खिशातून बोलणार होतं?

घरी येऊन काकांनी लिहायला घेतलं, आणि खरं सांगायचं तर इतका आनंद त्यांना कित्येक दिवसांत झाला नव्हता. पटकथा सोन्यासारखी होती. एक व्हायोलिनवाला, त्याची बायको, त्यांची लहान मुलगी. व्हायोलिनवाला वाद्यवृंदात वाजवतो, सगळ्यांचा लाडका, आणि व्यवहारात शुद्ध नंदीबैल. कुणी मान हलवायला सांगितली की हलवतो. कुणी बोलावलं की जातो, वाजवतो, टाळ्या घेऊन घरी येतो. काकांना त्याचं फार हसू आलं. त्यांनी मेव्हण्याच्या तोंडी वाक्य घातलं, "भाऊजी, तुमच्या व्हायोलिनला चार तारा आहेत, पण अकलेची एक नाही." लिहून झाल्यावर ते मोठ्याने हसले. भिंतीपलीकडे खुर्ची सरकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुढच्या सीनवर आले. त्यात व्हायोलिनवाल्याची बायको, मुलीचा हात धरून, नवऱ्याला न सांगता त्याचे राहिलेले पैसे मागायला वाद्यवृंदाच्या मालकाकडे जाते. जुनी इमारत. लिफ्ट बंद. आत बसायला जागा नाही म्हणून दोघी जिन्यातच बसतात. जिन्याच्या वळणावर खिडकी आहे, तिची एकच काच निळी, कारण फुटली तेव्हा जी मिळाली ती बसवली. मुलगी त्या काचेतून रस्ता बघते. आतून नाव पुकारतात. आई उठते, चष्मा काढून रुमालाने पुसते, आत जाऊन काय बोलायचं ते वाक्य ओठातल्या ओठात घोटून बघते, आणि मग चष्मा लावते.

काका थांबले. त्यांनी तेवढा भाग पुन्हा वाचला.

बँकेत, शाळेत, डॉक्टरच्या दारात, त्यांच्या बायकोने असंच केलेलं त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. चष्मा पुसायचा, वाक्य घोटायचं, मग आत. आणि ती निळी काच. कालच मालकाच्या जिन्यात तिच्यासमोर ते दम खायला उभे राहिले होते.

पुढे लिहिलं होतं: "आई आत जाऊन बोलते. संवाद नंतर." आणि त्याच्या खाली: "बाहेर आल्यावर आई मुलीला एक वाक्य सांगते. संवाद नंतर."

ते पेन हातात धरून बसून राहिले. ज्या माणसाने राजाला, चोराला, न्यायाधीशाला, मरणाऱ्याला बोलतं केलं, त्याला आपल्या बायकोच्या तोंडी एक शब्द घालता येईना. काय बोलली असेल ती? त्यांना कुठे माहीत होतं!

शेवटी ते उठले आणि दार न वाजवता मुलीच्या खोलीत शिरले. असं ते कधी करत नसत.

"आई काय म्हणाली गं?" त्यांनी विचारलं. "बाहेर आल्यावर?"

मुलीने आधी बापाकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या पानांकडे.

"ही तुमच्याकडे कशी?"

"मालकाने दिली. संवाद लिहायला."

"किती देणार आहेत?"

"काय किती?" काका म्हणाले, आणि म्हणताम्हणताच त्यांना सगळं कळलं.

मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मला ते म्हणाले, संवाद त्यातच घालून द्या. मी म्हटलं, संवादांचे पैसे वेगळे, नाहीतर पटकथाही परत द्या. तेव्हा म्हणाले, मोठी माणसं चहावर करून देतात. मला वाटलं नुसतं घाबरवतायत." तिने पानांकडे बोट केलं. "बाबा, ती मोठी माणसं म्हणजे तुम्हीच."

काका पलंगाच्या कडेवर बसले. स्वतःच्या लेकीचा पहिला सिनेमा त्यांनी हसत हसत, फुकटात, तिच्याच भिंतीला टेकून हिरावून घ्यायला घेतला होता.

"तुम्ही दोघी खरंच जायचात तिथे?"

"शाळा सुटली की. तुम्ही चित्रीकरणाला असायचात."

"मला वाटायचं, मालक स्वतःहून पाठवतो."

"तसं वाटावं म्हणूनच जायची ती."

"आत काय बोलायची?"

"मला आत नेत नसे. बाहेर आली की म्हणायची," मुलीचा आवाज चिरकला, "बाबांना सांगू नकोस. त्यांना मित्र एकच आहे."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुलगी उठून त्यांच्याशेजारी येऊन बसली आणि लहानपणी ते तिची थोपटायचे तशी त्यांची पाठ थोपटत राहिली. बऱ्याच वेळाने नाक पुसून ते म्हणाले, "व्हायोलिनवाला करून मला अगदीच बावळट दाखवलंस."

"तुम्ही त्याच्या अकलेची तार काढलीत," ती पलंगावर पडलेली पानं चाळत म्हणाली. " मी तेवढं नव्हतं लिहिलं."

दोघंही हसली. हसता हसता काकांचे डोळे परत भरून आले. ती म्हणाली, जाऊ दे, मी दुसरा निर्माता बघेन. काकांनी पानं गोळा केली, शर्ट बदलला आणि निघाले. ती म्हणाली, बाबा, भांडू नका. ते म्हणाले, मला कुठे येतं भांडायला.

मालक फोनवर होता. त्याने हाताने बस म्हटलं. काका उभेच राहिले.

"हे मी नाही लिहिणार," त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "जिने पटकथा लिहिली तिनेच संवाद लिहायचे. ती माझी मुलगी आहे."

मालक फोन हातात धरून बघतच राहिला. मग खुर्चीतून उठून आला आणि काकांचे दोन्ही खांदे धरले. त्याला खरोखरच आनंद झाला होता, त्यात खोट नव्हती. "अरे, ती चिमुरडी? लहानपणी पाहिलेली, त्यात आडनाव वेगळं, मला कसं कळणार! मग प्रश्नच मिटला की. तुझी मुलगी ती माझी मुलगी. घरचंच काम झालं सगळं."

"म्हणूनच पैसे द्यायचे," काका म्हणाले. "कथेचे, पटकथेचे, संवादांचे. तिन्हींचे वेगळे. तुझं बजेट छोटं आहे, तर छोट्या बजेटचा दर. सहीला पहिला हप्ता." बोलताना त्यांचा आवाज इतका थरथरत होता की शाळेतली मुलंसुद्धा पाठांतर याहून बरं म्हणतात. पण त्यांनी ते शेवटपर्यंत म्हटलं.

"तू मला दर सांगतोयस?"

"हो. तिची आई इथे यायची?"

मालकाचे हात खांद्यांवरून खाली आले. तो खिडकीपाशी गेला. "यायच्या. वहिनींनी वचन घेतलं होतं, तुला सांगायचं नाही म्हणून."

"रिकाम्या हाताने पाठवलीस कधी?"

मालक वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर नाही म्हणाला असता. "पाठवलंय," तो म्हणाला. "बाहेर बसवून ठेवलंय पण. नसायचे रे माझ्याकडे. तुझा राग येणार नाही, हे माहीत होतं. ज्यांचा राग यायचा त्यांना आधी द्यायचो."

ही गोष्ट इतकी सरळ होती, आणि त्यांना ती म्हातारपणी कळत होती.

"रागावलास?" मालकाने विचारलं.

"हो. तुझ्यावर कमी, माझ्यावर जास्त."

"मुलीला देतो तिचे. उद्या येऊ दे सहीला, शब्द आहे माझा." मालक खुर्चीत बसला, जरा वेळाने कसंनुसं हसून म्हणाला, "पुढच्या महिन्यात त्या दुसऱ्या सिनेमाचे दोन सीन आहेत. ते तरी बघशील ना, पहिल्यासारखं?"

आता हे दोन सीन म्हणजे काकांच्या डाव्या हाताचा मळ. आणि समोर बसलेला माणूस म्हणजे त्यांचं तरुणपण, तो कोट, उपासाचे दिवस, सगळं. जगात त्यांना एकेरी नावाने हाक मारणारा तो एवढाच उरला होता.

"बघेन," काका म्हणाले. "दुरुस्तीचा दर असतो. त्याच्या खाली मला येता येत नाही."

"आपल्यातसुद्धा?"

"आपल्यातसुद्धा."

मालक म्हणाला, "विचार करून सांगतो," आणि समोरचे कागद उगाच सारखे करायला लागला. चहाचं त्याने विचारलं नाही. काका दार ओढून बाहेर आले.

मुलगी मागोमाग आलीच होती. जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती.

"काय झालं?"

"तुझं झालं. उद्या सही."

"आणि तुमचं?"

"माझं," काका म्हणाले, "तो विचार करून सांगणार आहे."

पुढे त्यांना उतरता येईना. ते होते तिथेच पायरीवर बसले. मुलगी घाबरून शेजारी टेकली. पाणी हवंय का, तिने विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. खालून कुणीतरी वर येत होतं, ते दोघांना ओलांडून गेलं.

"इथेच बसायची ती?" काकांनी विचारलं.

"एक पायरी वर. खिडकीसमोर. मी कडेला, आणि ती भिंतीला टेकून."

काका कठडा धरून उठले. एक पायरी वर चढले, भिंतीला पाठ लावली आणि बसले. भिंत गार होती.

"फार वेळ थांबावं लागायचं का गं?"

"कधी कधी. दिवे लागेपर्यंत."

"मग बस," काका म्हणाले, आणि तिला कडेची जागा करून दिली.